पहिला मॉडेल रेल्वे लेआउट : दीड मीटर फळीवरचा मालधक्का

मॉडेल रेल्वेची आवड लागलेल्या नवख्या माणसाकडे बहुधा आधी इंजिन येते, मग पेटीसोबत मिळालेल्या रुळांचे लंबवर्तुळ मांडले जाते, मग त्यासाठी आठ फूट बाय चार फुटांचे प्लायवूड आणले जाते, आणि ते घरात ठेवायचे कुठे हा प्रश्न सर्वांत शेवटी उभा राहतो. हा क्रम उलटा करावा असे माझे ठाम मत आहे. गाडीने आपल्या लेआउटवर, म्हणजे रूळ-इमारती-देखाव्याच्या मांडणीवर, कोणते काम करायचे हे आधी ठरवावे. त्यावरून जागा, जागेवरून रुळांचा आराखडा आणि आराखड्यावरून खरेदी ठरवावी. भिंतीलगतच्या एका फळीवर मावेल, पूर्ण होईल आणि पूर्ण झाल्यावरही मन रमवील असा एक छोटा लेआउट या क्रमाने कसा उभा करावा, ते पुढे सांगितले आहे.

कोणते स्थानक, कोणता काळ

नमुना म्हणून लासलगावसारखे स्थानक डोळ्यांसमोर ठेवू. मनमाड-नाशिक लोहमार्गावरचे हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. काळ निवडावा तो विजेच्या तारा येण्यापूर्वीचा, कोळशाच्या इंजिनांचा. त्या काळी लहान स्थानकांवरून एकेक, दोन-दोन वाघिणी (मालडबे) भरून पाठवण्याची पद्धत होती. मालगाडी थांबायची, रिकाम्या वाघिणी मालधक्क्यावर सोडायची, भरलेल्या उचलायची आणि पुढे जायची. १९८०च्या दशकात संपूर्ण रेक, म्हणजे डब्यांची अख्खी रांग, एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी चालवण्यावर रेल्वेने भर दिला आणि असे शंटिंग, म्हणजे डबे सोडणे-जोडणे-हलवणे, कमी होत गेले. आजच्या काळातला लेआउट करायचा तर लांबच लांब गाड्या आणि त्यांना साजेशी लांबच लांब जागा लागते, तर जुन्या काळात तेच समाधान चार-पाच वाघिणींत मिळते.

डेक्कन क्वीन हवीच असा हट्ट अनेकांचा असतो आणि तो मला समजतो, पण त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या धाटणीचा) प्रवासी डबा सुमारे २१.३४ मीटर लांबीचा असतो, म्हणजे १:८७ प्रमाणात, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागात, २४५ मिलिमीटर. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट असावी, म्हणजे गाडी भरवशाने धावते, आणि चौपट असेल तर ती दिसायलाही बरी दिसते, असा मॉडेलरांचा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. तिप्पट धरली तरी त्रिज्या सुमारे ७३५ मिलिमीटर होते; गाडी पूर्ण वळवून परत आणायची तर कडेच्या मोकळ्या जागेसह जवळजवळ १.६ मीटर रुंदी लागते. सदनिकेतल्या खोलीत एवढी रुंदी कायमची अडवणे फार थोड्यांना शक्य असते. याउलट जुनी चारचाकी वाघीण १:८७ प्रमाणात साधारण १०० मिलिमीटरची होते आणि सरळ फळीवर तिला वळणाची चिंताच नसते.

प्रमाण आणि रुळांचे अंतर

बाजारात सर्वाधिक साहित्य एचओ प्रमाणात मिळते. त्याचे माप १:८७ असून रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. ब्रिटिश ओओ प्रमाण १:७६ चे आहे, पण रूळ तेच वापरते. एन प्रमाणाचे रूळ ९ मिलिमीटरचे असून त्याचे माप सहसा १:१६० असते. जागा फारच कमी असेल आणि लांब गाड्याच हव्या असतील तर एन निवडावे, परंतु शंटिंगसाठी एचओ सोयीचे आहे. वाघिणी हाताने जोडता-सोडवता येतात, चाके जड असल्याने वीज नीट घेतात, आणि चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांनाही कपलिंग (डबे जोडणारा आकडा) दिसते.

येथे एक भारतीय अडचण आहे. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे, म्हणजे १:८७ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर यायला हवे. एचओचे तयार रूळ युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला अनुसरून बनवलेले असल्यामुळे आपल्या दृष्टीने ते अरुंद पडतात. काही निष्ठावान मॉडेलर १९.३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घडवतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण नवख्याने १६.५ मिलिमीटर स्वीकारावे. फळीवरचा लेआउट आपण बाजूने पाहतो आणि बाजूने पाहताना रुळांमधले अंतर जवळजवळ जाणवत नाही.

ज्यांना काटेकोर मापाचीच ओढ आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रातच एक सुंदर वाट आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी उभारलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे अंतर ७६२ मिलिमीटर होते. १:८७ प्रमाणात ते ८.८ मिलिमीटर होते, आणि एचओई नावाने ओळखले जाणारे ९ मिलिमीटरचे रूळ त्याला अगदी चपखल बसतात. ऑस्ट्रियातल्या ७६० मिलिमीटर मार्गांची तयार मॉडेल याच रुळांवर चालतात, त्यामुळे त्यांचा खालचा सांगाडा वापरून वरचे डबे आपल्या पद्धतीने बांधता येतात. तरीही हे काम दुसऱ्या लेआउटसाठी राखून ठेवावे असे मी सुचवीन.

प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय प्रमाणाचा अंदाज येत नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. खरेदीपूर्वी तेथे एक चक्कर जरूर मारावी आणि गाड्यांबरोबरच वळणांची त्रिज्या, पॉइंटची (गाडीला एका लाइनीवरून दुसरीवर वळवणाऱ्या जोडणीची) लांबी, इमारतींची उंची यांकडेही लक्ष द्यावे.

आराखडा : तीन लाइनी आणि आठ वाघिणी

रुळांचा आराखडा स्वतः शोधत बसण्याऐवजी कसाला उतरलेला एक आराखडा घ्यावा. ब्रिटिश मॉडेलर अ‍ॅलन राइट यांची ‘इंगलनूक सायडिंग्ज’ ही रचना पहिल्या लेआउटसाठी मला सर्वोत्तम वाटते. तिच्यात फक्त दोन पॉइंट आणि बंद टोकाच्या तीन लाइनी असतात. सर्वांत लांब लाइनीवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन लाइनींवर प्रत्येकी तीन, आणि पॉइंटच्या अलीकडच्या शंटिंग नेकवर, म्हणजे इंजिनाने वाघिणी ओढून घ्यायच्या आखूड लाइनीवर, इंजिनासह तीनच वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या पाच वाघिणींची गाडी, चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने, लांब लाइनीवर लावून द्यायची. आठांतून पाच वाघिणी क्रमवार निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात. म्हणजे रोज एक डाव खेळला तरी तोच तो डाव पुन्हा येण्याची भीती नाही.

या रचनेचे मर्म लांबीच्या बंधनात आहे. जागा शिल्लक आहे म्हणून शंटिंग नेक वाढवून तेथे चार वाघिणी मावू दिल्या की कोडे सोपे होते आणि त्याची गोडी जाते. म्हणून मापे आधी काढावीत. वाघीण १०० मिलिमीटर आणि सहा चाकांचे छोटे टँक इंजिन १५० मिलिमीटर धरले तर शंटिंग नेकला थोड्या मोकळिकीसह ४७० मिलिमीटर लागतात. पेको या ब्रिटिश कंपनीच्या लहान त्रिज्येच्या पॉइंटची लांबी सुमारे १८५ मिलिमीटर असते. पॉइंट संपला म्हणजे लगेच वाघीण उभी करता येत नाही. शेजारच्या लाइनीवरून जाणाऱ्या वाघिणीला ती घासेल इतक्या जवळ दोन्ही लाइनी अजून असतात. खऱ्या रेल्वेत जेथे फाउलिंग मार्क असतो तेथवरची सुमारे ८० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी लागते. त्यापुढे पाच वाघिणींसाठी ५२० मिलिमीटर. ही बेरीज १,२५५ मिलिमीटर होते. दुसऱ्या बाजूने मोजले तर शंटिंग नेक, दोन पॉइंट, मोकळी जागा आणि तीन वाघिणी मिळून १,२४० मिलिमीटर होतात. दोन्ही टोकांच्या बफरांसाठी (गाडी अडवणाऱ्या ठोकळ्यांसाठी) जागा धरूनही १,५०० बाय ३०० मिलिमीटरच्या फळीवर हे सारे आरामात बसते. शेजारशेजारच्या लाइनींच्या मध्यरेषांत ५१ मिलिमीटर अंतर ठेवले तर तीन लाइनी सुमारे १३ सेंटिमीटर रुंदीत मावतात आणि मालधक्का, रस्ता, गोदाम यांना पुरेशी रुंदी उरते.

कागदावर खऱ्या मापात

संगणकावर आराखडा काढण्यासाठी एक्सट्रॅककॅड किंवा स्कार्म यांसारख्या प्रणाली आहेत आणि त्या उपयोगी आहेत, पण एवढ्या छोट्या लेआउटसाठी खऱ्या मापाचा कागद अधिक शिकवतो. जुनी वर्तमानपत्रे जोडून १,५०० बाय ३०० मिलिमीटरची पट्टी करावी. पेकोच्या पॉइंटचे खऱ्या मापाचे छापण्याजोगे नमुने मिळतात. ते कापून पट्टीवर ठेवावेत आणि रुळांच्या मध्यरेषा पेन्सिलीने आखाव्यात. वाघिणी अजून घेतल्या नसतील तर पुठ्ठ्याचे १०० बाय ३२ मिलिमीटरचे तुकडे कापून त्यांवर १ ते ८ आकडे घालावेत आणि त्यांनीच दोन-चार डाव खेळून पाहावेत.

या टप्प्यावर घाई करू नये. पट्टी ज्या भिंतीलगत लेआउट येणार तेथेच काही दिवस पसरून ठेवावी. दार उघडताना ती आड येते का, खिडकीतून पावसाचे तुषार तेथवर येतात का, दुपारचे ऊन थेट पडते का, हात मागच्या लाइनीपर्यंत सहज पोहोचतो का, हे सारे कागद असतानाच कळावे. मध्यरेषेवरून इमारतींच्या जागाही याच वेळी ठरवाव्यात, नाहीतर गोदाम बांधून झाल्यावर त्याचा पत्रा इंजिनाला लागतो.

फळी

सुताराकडून १२ मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणारे प्लायवूड मापाने कापून घ्यावे आणि खाली ५० बाय २५ मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्यांची चौकट बसवावी. आडव्या पट्ट्या साधारण ४०० मिलिमीटरवर असाव्यात. आडवी पट्टी नेमकी पॉइंटच्या पात्यांखाली, म्हणजे हलणाऱ्या टोकदार रुळांखाली, येणार नाही, हे चौकट ठोकण्यापूर्वीच पाहावे. पुढेमागे पॉइंटला मोटर लावायची झाली तर ती तेथेच खालून बसते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली हवा हा लेआउटचा मोठा शत्रू आहे. लाकूड दमट हवेत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्या ओढीने रूळ वाकतात. म्हणून प्लायवूडच्या सर्व बाजू आणि मुख्यतः कापलेल्या कडा प्रायमर व रंगाने बंद कराव्यात. वाळवीचा त्रास असलेल्या घरात चौकट भिंतीला थेट चिकटू देऊ नये. उंची जमिनीपासून सुमारे १.२ मीटर ठेवावी, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर गाडी डोळ्यांच्या पातळीवर येते. मुले खेळणार असतील तर अर्थातच फळी खाली आणावी.

रूळ टाकणे

रूळ निकेल-सिल्व्हरचेच घ्यावेत. पोलादी रूळ स्वस्त असतात, पण दमट हवेत ते गंजतात आणि मग वीज नीट वाहत नाही. रुळांच्या वर्णनात येणारा ‘कोड’ म्हणजे रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात; कोड १०० चा रूळ ०.१०० इंच उंच आणि दणकट असतो, कोड ७५ अधिक खरा दिसतो. पहिल्या कामाला कोणताही चालेल, मात्र दोन्हींची सरमिसळ करू नये.

संपूर्ण फळीवर ३ मिलिमीटर जाडीचा कॉर्क चिकटवावा. मुख्य मार्गावर रूळ खडीच्या उंच भरावावर असतात, पण मालधक्क्याच्या आवारात जमीन आणि रूळ जवळजवळ एकाच पातळीत असतात, त्यामुळे अखंड कॉर्क येथे दिसायलाही योग्य ठरतो. त्यावर कागदी आराखड्याच्या मध्यरेषा उतरवून घ्याव्यात. सुरुवात पॉइंटपासून करावी, कारण सरळ रूळ कापून जुळवता येतो, पॉइंट नाही. चिकटवण्यासाठी पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सीलंटचा पातळ थर पुरतो. काही चुकले तर पातळ पट्टी सरकवून रूळ उचलता येतो. पॉइंटच्या हलणाऱ्या भागाखाली मात्र एक थेंबही जाऊ देऊ नये.

सांध्यांवरून बोट फिरवावे. बोटाला जे खटकते तेथेच चाक घसरते. रुळाचे कापलेले टोक बारीक कानशीने आतल्या बाजूने किंचित उतरते करावे, आणि दर मीटरभर अंतरात एखाद्या सांध्यात कागदाच्या जाडीइतकी फट ठेवावी. नंतर एक वाघीण हाताने सर्व लाइनींवर ढकलावी, आधी पुढे आणि मग मागे. शंटिंगमध्ये वाघिणी बहुतेक वेळ मागून ढकलल्या जातात आणि रुळांचे दोष ढकलतानाच उघडे पडतात.

वाघिणींचे वजनही येथेच पाहून घ्यावे. अमेरिकेतल्या एनएमआरए (नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन) या १९३५ पासून चालत आलेल्या संघटनेच्या शिफारशीनुसार १०० मिलिमीटर लांबीच्या एचओ वाघिणीचे वजन सुमारे ८५ ग्रॅम असावे. हलकी असेल तर आत नट किंवा वॉशर चिकटवून ते भरून काढावे. कपलिंग सर्व वाघिणींना एकाच प्रकारचे असू द्यावे. दोन प्रकारची कपलिंगे एकत्र नांदत नाहीत.

वीज

एका इंजिनासाठी साधा १२ व्होल्ट डीसी नियंत्रक पुरेसा आहे. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातल्या डीकोडरला स्वतंत्र आज्ञा जाते. दोन-तीन इंजिने झाली की तिचा विचार करावा. वायरिंग मात्र पहिल्या दिवसापासून असे करावे की पुढे नियंत्रक बदलला तरी रूळ उखडावे लागणार नाहीत. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी स्वतः काही जोडू नये. तयार, बंद पेटीतला नियंत्रक किंवा अ‍ॅडॅप्टरच वापरावा.

फळीखालून लाल आणि काळी अशा दोन जाड वायरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याव्यात आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला बारीक वायरीने त्यांच्याशी जोडावे. रूळ जोडणारे धातूचे जॉइनर वीजही नेतात, पण धूळ आणि दमटपणा यांमुळे वर्षभरात ते दगा देऊ लागतात. त्यांच्यावर विसंबू नये. वायर रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करावी, म्हणजे चाकाच्या कडेला ती लागत नाही.

पॉइंटमध्ये दोन रूळ जेथे एकमेकांना छेदतात तो भाग नवख्यांना सर्वाधिक सतावतो. काही पॉइंटमध्ये हा भाग प्लास्टिकचा असतो. त्यात शॉर्ट होत नाही, पण लहान इंजिन त्यावर संथपणे आले की वीज तुटून थांबते. शंटिंगचे सारे सौंदर्य संथ गतीत असल्यामुळे येथे धातूचे, वीजवाहक क्रॉसिंग असलेले पॉइंट घ्यावेत. पॉइंट बदलला की या भागाची बाजू, म्हणजे लाल की काळी, तीही बदलते. म्हणून क्रॉसिंगपासून पुढे निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना धातूचे नव्हे, प्लास्टिकचे जॉइनर लावावेत. हे विसरले आणि पुढच्या लाइनींना स्वतंत्र वायर दिली, तर पॉइंट बदलताक्षणी शॉर्ट होतो आणि दोष शोधण्यात दिवस जातो. पेकोच्या पॉइंटमध्ये पाती जागेवर धरणारी स्प्रिंग असते, त्यामुळे ती बोटाने बदलली तरी चालतात. मोटरींचा खर्च सध्या टाळावा.

प्रत्येक वायर जोडल्यावर मल्टिमीटरने दोन रुळांमध्ये शॉर्ट नाही ना, हे तपासावे. दहा वायरी जोडून एकदम तपासले तर कोणती चुकली ते कळत नाही. मग इंजिन सर्वांत कमी वेगाने प्रत्येक लाइनीवरून फिरवावे. ते कुठेही न अडखळता जाईपर्यंत खडीला हात लावू नये, कारण खडी चिकटल्यानंतर रूळ दुरुस्त करणे फार जिकिरीचे होते.

खडी, जमीन, इमारती

भारतीय रेल्वेची खडी ६५ ते २० मिलिमीटर आकाराची असते. १:८७ प्रमाणात हा आकार पाऊण मिलिमीटरपासून पाव मिलिमीटरपर्यंत येतो, म्हणजे साधारण बारीक रवा. क्रशरवरची कच दोन चाळण्यांतून चाळून ती मिळवता येते, पण एक खबरदारी घ्यावीच लागते. आपल्या काळ्या बेसॉल्ट दगडात चुंबकाकडे ओढले जाणारे कण असतात आणि इंजिनाच्या मोटरीत चुंबक असतो. कच कागदावर पसरून तिच्यावरून चुंबक फिरवावा. फार कण चिकटले तर ती कच रुळांत न वापरता दुसऱ्या दगडाची पूड घेऊन करड्या रंगाने रंगवावी.

खडी मऊ ब्रशने स्लीपरांच्या मध्ये सारावी, तिच्यावर भांडी घासायच्या द्रवाचा थेंब घातलेले पाणी फवारावे आणि मग एक भाग फेविकॉल व तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडावे. ओल्या खडीत हे मिश्रण आपोआप शिरते. कोरड्या खडीवर त्याच्या गोळ्या होतात. पॉइंटच्या पात्यांजवळ खडी अगदी थोडी ठेवावी आणि गोंद सुकेपर्यंत पाती अधूनमधून हलवत राहावे.

आवाराची जमीन हा या लेआउटचा चेहरा आहे. आवारात काळी माती, कोळशाची राख आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या यांचा मिळून एक रंग झालेला असतो. खरी माती भाजून, चाळून वापरता येते. दिवाळीचा किल्ला केलेल्या हातांना हे काम शिकवावे लागत नाही. परदेशी पाकिटांतले हिरवेगार गवत येथे शोभत नाही. वर्षातले सात-आठ महिने हा मुलूख पिवळट-तपकिरी असतो. मागे डोंगररांग रंगवायची असेल तर सह्याद्रीचे माथे सपाट आणि कडे आडव्या थरांचे असतात हे ध्यानात ठेवावे, कारण लाव्हाचे थर एकावर एक साचून ते बनले आहेत. टोकदार शिखरे रंगवली की स्थानक क्षणात परदेशात जाते.

इमारती पुठ्ठ्याच्या कराव्यात. २.१ मीटरचे दार २४ मिलिमीटर होते, साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटर. काळ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, मालधक्क्यावर पन्हळी पत्रा, कडुनिंबाचे एक झाड आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्थानकाचे नाव, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची, एवढ्याने जागा ओळखीची होते. पाटी छापून घेणे सर्वांत स्वस्त असले तरी पाहणाऱ्याची नजर आधी तिच्याकडेच जाते, म्हणून तिच्यावरच्या अक्षरांचे वळण जपून निवडावे.

चालवणे, जपणे, वाढवणे

प्रत्येक वाघिणीसाठी एक कार्ड करावे. आठ कार्डे पिसून पाच काढावीत आणि त्या क्रमाने गाडी लावावी. वाघिणी हाताने उचलू नयेत. बांबूची बारीक काडी कपलिंगमध्ये फिरवून त्या सोडवाव्यात आणि इंजिनाचा वेग माणूस शेजारून चालेल इतकाच ठेवावा. खऱ्या शंटरला खाली उतरून कपलिंग सोडवायला जितका वेळ लागेल तितका थांबा प्रत्येक वेळी घ्यावा; खेळाला रेल्वेची लय त्यानेच येते.

रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसावेत. पॉलिशपेपर वापरू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ साचून रूळ पूर्वीपेक्षा लवकर घाण होतात. वापर नसताना लेआउटवर सुती चादर टाकावी, आणि पावसाळ्यात महिनाभर गाडी चालली नसेल तर इंजिनाची चाकेही त्याच कापडाने पुसून मगच वीज सुरू करावी.

पुढे जागा मिळाली तर शंटिंग नेकच्या टोकाला दुसरी फळी जोडता येते. तिच्यावर मुख्य मार्ग आणि एक लूप (मुख्य मार्गाला दोन्ही टोकांनी जोडलेली बाजूची लाइन) घ्यावा, आणि त्यापलीकडे पडद्याआड दोन-तीन लाइनी ठेवाव्यात, म्हणजे गाडी मनमाडहून आल्यासारखी येते आणि नाशिककडे गेल्यासारखी जाते. इंगलनूकचे बंधन राखण्यासाठी जुन्या शंटिंग नेकच्या हद्दीवर एक छोटी पाटी उभी करावी आणि डाव चालू असताना इंजिनाने ती ओलांडू नये. दोन फळ्यांच्या जोडावर धातूच्या खुंट्या बसवाव्यात, जोडाच्या दोन्ही काठांवर रूळ पितळी स्क्रूच्या डोक्यांना सोल्डर करावेत आणि दोन्ही फळ्या बोल्टने आवळून झाल्यानंतरच, जोडाच्या बरोबर वर, बारीक करवतीने रूळ कापावेत.